नानांची खोली, एकास एक

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या घरांच्या भिंती काढण्यात ज्याची मान आखडली आणि चष्म्याचा नंबर वाढला, त्या माणसाने निदान स्वतःच्या घराचा नकाशा तरी दुसऱ्याकडून काढून घ्यावा. न्हावी स्वतःचे केस कापत नाही, डॉक्टर स्वतःची नाडी बघून गोळ्या लिहीत नाही. पण हे मिलिमीटररावांना सांगणार कोण?

मिलिमीटरराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ते संगणकावर नकाशे काढत, आणि कोणी "साधारण हातभर" असं म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडे. "कोणाच्या हातभर?" असं ते विचारत. ऑफिसात कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते चालत चालत घरापर्यंत आलं. शेजारचे निवृत्त हेडमास्तर तर त्यांना कुंपणावरून तशीच हाक मारत. मिलिमीटररावांना राग येई, पण नावात चूक काढता येत नव्हती.

तर गोष्ट नानांच्या खोलीची. नाना म्हणजे मिलिमीटररावांचे वडील, वय एक्याऐंशी. गेल्या वर्षी पायरीवरून पडले, खुब्याचं हाड मोडलं आणि तेव्हापासून वॉकर धरून चालत. घरातला संडास मागच्या बाजूला, दोन पायऱ्या उतरून, आणि इतका चिंचोळा की वॉकर आत गेला की दार लागत नसे. म्हणून मग पडदा लावला. पडद्याबाहेर कोणीतरी उभं राहायचं, कधी मुलगा, कधी सून, कारण पुन्हा पडले तर काय घ्या! बाहेर उभं राहणारं माणूस भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने काहीबाही बोलत राही. आपलं आतल्या आवाजाकडे लक्ष नाही हे नानांना कळावं, एवढाच त्यातला हेतू.

नानांनी चाळीस वर्षं कोर्टात काढली होती. हेडक्लार्क होते. त्यांचं खाकरणं ऐकलं की बाकावरचे वकील सरळ बसत. तेच नाना आता पडद्याआडून हळूच "झालं रे" म्हणत. अकरा महिने हे चाललं होतं. नानांनी एका शब्दाने तक्रार केली नाही, फक्त ते पाणी कमी प्यायला लागले. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातच हे आधी सुनेच्या लक्षात आलं, मग डॉक्टरांच्या, आणि डॉक्टरांनी मिलिमीटररावांना असं झापलं की ते घरी येऊन बराच वेळ बूट न काढता बसून राहिले.

समोरचा व्हरांडा बंद करायचा, तिथे नानांना खोली करायची आणि खोलीतच संडास-बाथरूम द्यायचं असं त्या दिवशी ठरलं. गवंडी तयार होता. अडलं होतं ते पालिकेच्या परवानगीवर. अर्ज आठ महिने रांगेत राहून एकदाचा पुढे आला होता आणि पत्र आलं होतं, की नकाशा मोठ्या कागदावर, एकास पन्नास या प्रमाणात, तीन प्रतींत, शुक्रवारी दुपारी एकच्या आत खिडकीवर द्यावा. न दिल्यास अर्ज रद्द. म्हणजे पुन्हा शेपटाला उभं राहायचं आणि नानांनी आणखी आठ महिने पडद्याआड बसायचं.

मिलिमीटररावांनी तीन रविवार घालून नकाशा काढला. काय काढला होता! फरशीच्या सांध्यासकट. नाना खुर्चीतून दोनदा म्हणाले, "बाळ, मला दाखव की जरा."

"नाना, संगणकाच्या पडद्यावर तुम्हाला नाही कळायचं. छापून आणतो, मग बघा."

इथे या धंद्यातली एक गोम सांगायला हवी. संगणकावर नकाशा खऱ्या मापानेच काढतात. चार मीटरची भिंत म्हणजे चार हजार मिलिमीटरची रेघ. तिला लहान करून कागदावर बसवायचं ते छापताना. आणि छापणं ही गोष्ट मिलिमीटररावांनी बावीस वर्षांत एकदाही केली नव्हती. ऑफिसात प्रिंटच्या बाई होत्या. इकडून फाइल पाठवली की तिकडून घडी घातलेला नकाशा टेबलावर येई. मध्ये काय होतं याचा विचार, वाढलेलं ताट पुढ्यात येणारा माणूस जितपत करतो, तितपत ते करत. बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. त्यानंतर साहेबलोक नकाशे पडद्यावरच बघू लागले. छापायच्या मोठ्या मशीनची शाई वाळली आणि तिच्यावर कोणीतरी वेलाची कुंडी ठेवली.

"त्यात काय एवढं!" हेडमास्तर सोमवारी कुंपणावरून म्हणाले. हेडमास्तरांना जगात कशातच काही एवढं वाटत नसे. "घरचा छोटा, काळ्या शाईचा प्रिंटर आहे ना? तुकड्या-तुकड्यांत छापा आणि चिकटवा. आम्ही शाळेत जगाचा नकाशा असाच केला होता."

"प्रमाण बरोबर आलं होतं का?"

"मुलं पास झाली."

मिलिमीटररावांनी ऐकायला नको होतं. पण सोमवारचा दिवस, ऑफिसातून आलेला दमलेला माणूस. दमलेल्या माणसाला जवळचा सल्ला बरा वाटतो. पंधरा कागदांचा एक नकाशा, असे तीन. जेवणाच्या टेबलावर चिकटवाचिकटवी सुरू झाली. बायको कडा कापत होती, हेडमास्तर खळ लावत होते आणि कुठे लावू नये तिथेही लावत होते. दुसऱ्या नकाशाला स्वयंपाकघराची खिडकी चुकून गच्चीवर गेली, ती सोडवताना जिना फाटला. जेवणं झाली ती मांडीवर ताट घेऊन.

मंगळवारी अर्धी रजा टाकून ते पालिकेत गेले. खिडकीमागच्या साहेबांनी नकाशा उलगडला. खळीचा कडकड आवाज झाला.

"हा नकाशा आहे की गोधडी?"

"साहेब, मापं सगळी अचूक आहेत. लिहिलेली आहेत."

"लिहायला काय, कोणीही लिहील. आम्ही मोजतो." साहेबांनी खणातून त्रिकोणी मोजपट्टी काढली आणि भिंतीवर ठेवली. "भिंतीची जाडी दोनशे तीस मिलिमीटर लिहिलीय. भरतेय दोनशे अकरा. पुढची?"

पुढचीही कमी भरली. सगळं घरच आठ टक्क्यांनी आटलं होतं. छापताना "कागदात बसवा" अशी एक खूण आपोआप आलेली असते आणि ती काढली नाही तर यंत्र प्रेमाने नकाशा दाबून कागदात बसवतं, ही गोष्ट मिलिमीटररावांना त्या खिडकीसमोर उभं असताना कळली. बावीस वर्षांत त्यांची एक रेघ कोणी चुकीची म्हटली नव्हती. आणि इथे रांगेतला मागचा माणूस मान लांब करून म्हणाला, "धुतल्यावर आटतं तसं आटलं वाटतं."

बुधवारी ते फलकवाल्याच्या दुकानात गेले. हा दुकानांच्या पाट्या आणि मोठाले फलक छापणारा माणूस, त्याच्याकडे रुंद कागदाचा रोल लागणारं मशीन होतं. त्यांनी फाइल दिली, "कागदात बसवायचं नाही, एकास पन्नास हवं," असं तीनदा बजावलं, तीन गुंडाळ्या घेतल्या आणि उशीर होईल म्हणून न उघडताच पालिका गाठली. न उघडता. मिलिमीटररावांनी! पण माणूस एकदा थकला की त्याची तत्त्वं आधी झोपतात.

साहेबांनी गुंडाळी उलगडली, बराच वेळ पाहिली आणि खिडकीतून मिलिमीटररावांकडे वळवली.

कागदावर कमोड होता. बेसिन होतं, नळ होता, फरशीचे सांधे होते. नानांची कॉट होती. भिंत एकही नव्हती.

"संडास उघड्यावर बांधणार आहात?" साहेबांनी विचारलं. ते विनोद करत नव्हते. त्यांनी तसं फाइलवर लिहिलंसुद्धा.

"भिंती आहेत साहेब. मी स्वतः काढल्यात."

"असतील. आम्हाला दिसल्या पाहिजेत."

घरी येऊन त्यांनी संगणक उघडला. भिंती जागच्या जागी होत्या, काळ्या पडद्यावर पिवळ्याधमक. हेडमास्तरांनी येऊन पाहिलं आणि डोळ्यांच्या डॉक्टरचा पत्ता दिला. शेवटी बायको म्हणाली, "अहो, त्या प्रिंटच्या बाईंना फोन करा ना. त्यांना विचारलं तर काय बिघडेल?"

बिघडणार काहीच नव्हतं. पण वीस वर्षं ज्यांना "बाई, तीन प्रती" यापलीकडे एक वाक्य बोललो नाही, त्यांना फोन करून "मला छापता येत नाही" म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. त्यांनी दोनदा नंबर लावून ठेवून दिला. तिसऱ्यांदा बायकोनेच लावला आणि फोन हातात कोंबला.

"भिंती पिवळ्या ठेवल्या असतील," बाई पलीकडून म्हणाल्या. अजून काही सांगितलंही नव्हतं.

"तुम्हाला कसं कळलं?"

"रंगीत मशीनवर पिवळी रेघ पिवळीच येते, पांढऱ्या कागदावर दिसत नाही. तुमच्या भिंती कायम पिवळ्या असायच्या. वीस वर्षं मीच काळ्या करून छापत होते."

इतक्या वर्षांत ज्या नकाशांचं कौतुक ऐकून मिलिमीटरराव मान डोलवत आले होते, त्यातली एकूण एक भिंत बाईंमुळे उभी होती. हे आधी कोणी बोललं नव्हतं, बाईही नाहीत.

"बाई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. बरं, लिहून घ्या. सगळे रंग काळे करा. कागदात बसवायची खूण काढा. ती काढली की प्रमाणाचा आकडा पुन्हा मूळपदावर जातो, तो परत भरायला विसरू नका."

"तेवढं कळतं मला," मिलिमीटरराव म्हणाले, आणि पहिल्या दोन गोष्टी लिहून घेतल्या.

गुरुवारी पूर्ण रजा टाकली. सकाळी बसून भिंती काळ्या केल्या आणि दुपारी ते फलकवाल्याकडे गेले. आज कोणाच्या भरवशावर राहायचं नाही, आपणच बसून छापायचं, असा त्यांचा निश्चय होता. फलकवाल्याने खुर्ची दिली आणि तो चहाला गेला. मिलिमीटररावांनी शहाणपणा केला. भिंती नीट येतात का हे बघायला आधी नमुना काढू, म्हणून फक्त नानांची खोली निवडली. रंग काळा केला. खूण काढली. पुन्हा एकदा रंग तपासला. आणि बटण दाबलं.

मशीन घरघरलं. कागद येऊ लागला, कोरा. हातभर कोरा आला. (होय, हातभर. त्या क्षणी मिलिमीटररावांनाही दुसरं माप सुचलं नाही.) मग एक जाड काळी रेघ आली आणि संपायचं नावच घेईना. मग वीतभर रुंदीचं एक "सं" बाहेर आलं.

प्रमाणाच्या चौकटीत एकास एक होतं. नानांची खोली खऱ्याएवढी छापली जात होती.

साधं मशीन असतं तर कागदाबाहेरचं कापून टाकलं असतं आणि विषय मिटला असता. पण हे फलकांचं मशीन. मोठं काही दिसलं की आपोआप त्याच्या पट्ट्या पाडून, एकामागून एक, इमानेइतबारे छापणं हेच त्याचं काम. मिलिमीटररावांनी दिसतील ती सगळी बटणं दाबली. त्यातल्या एकाने रेघा आणखी ठळक झाल्या. चहाहून परतलेल्या फलकवाल्याने जमिनीवर लोळणाऱ्या कागदाकडे आणि त्यावरच्या "संडास" या अक्षरांकडे पाहिलं.

"साहेब, हा कुठल्या चौकात लावायचा?"

"थांबवा हो आधी!"

थांबवेपर्यंत चौथी पट्टीही आली होती. चार-चार मीटरच्या चार पट्ट्या. आणि रोल संपला.

"दुसरा रोल लावा."

"दुसरा उद्या अकराला येईल."

अकराला रोल, एकला खिडकी बंद. मधल्या दोन तासांत छापायचं, पालिका गाठायची, रांग लावायची. मिलिमीटररावांनी चारही पट्ट्या गुंडाळून काखेत मारल्या आणि ते चालत घरी निघाले. सतरंजी घेऊन सभेला निघाल्यासारखे दिसत होते. आयुष्यात इतका कंटाळा त्यांना कशाचाच आला नव्हता.

"हे काय आणलंत?" बायकोने दारातच विचारलं.

"नानांची खोली."

"नकाशा?"

"नाही. खोली."

बायकोने एक गुंडाळी सोडून पाहिली. रागवावं की हसावं हे तिचं ठरेना, तेवढ्यात नाना आतून म्हणाले, "बाळ, छापून आणलंस ना? मग दाखव."

आता नाही म्हणायला तोंड नव्हतं. व्हरांड्यातलं सामान बाजूला सारून, जिथे खोली व्हायची तिथेच चारही पट्ट्या शेजारी शेजारी अंथरल्या. हेडमास्तर आवाज ऐकून आले आणि कागद उडू नये म्हणून शब्दकोशाचे खंड घेऊन आले. नकाशा चपखल बसला. भिंत भिंतीला, खांब खांबाला, एका मिलिमीटरचा फरक नाही. मिलिमीटररावांना तीन दिवसांत पहिल्यांदा जरा बरं वाटलं.

नाना वॉकर घेऊन आले. भिंतीवर पाय न देता, दाराच्या जागेतूनच ते खोलीत शिरले. कॉटपाशी थांबले. खिडकीपाशी थांबून बाहेर बघितलं. "उजेड बरा आहे," म्हणाले. मग बाथरूमच्या दाराशी आले.

"दार कुठल्या बाजूला उघडतं?"

"आत," मिलिमीटरराव म्हणाले. "साडेसातशेचं आहे."

हेडमास्तरांनी तत्परतेने कोपऱ्यातली काठी उचलली, साडेसातशेवर बोट धरलं, एक टोक बिजागरीच्या जागी टेकवलं आणि ते दार झाले. नाना आत शिरले. वळायला गेले तर वॉकरचा एक पाय बेसिनमध्ये गेला. मागे घेतला तर कमोड आडवा आला. हेडमास्तरांनी दार लावायचा प्रयत्न केला. काठी वॉकरवर आपटली. नाना अंग चोरून पुढे सरकले. काठी पुन्हा आपटली.

"बाळ, दार लागत नाही."

"नाना, पुस्तकातल्या मापाने केलंय. दोन माणसं मावतात त्यात."

"पुस्तक येणार आहे का माझ्याबरोबर आत?"

कोणी हसलं नाही. नाना कागदावरच्या त्या चौकोनात वॉकरला धरून उभे होते, पाठीमागे दार अर्धं उघडं. तीन रविवार मिलिमीटररावांनी फरशीचे सांधे मोजले होते. नानांचा वॉकर एकदाही मोजला नव्हता. उद्या जर हा नकाशा बरोबर प्रमाणात छापला गेला असता, साहेबांची पट्टी लागून शिक्का बसला असता आणि गवंड्याने बरहुकूम बांधलं असतं, तर नव्या बाथरूमलाही पडदाच लावावा लागला असता. तोही कायमचा.

ते खडू घेऊन गुडघ्यांवर बसले. "नाना, वळा. थांबा. आता कुठे टेकावंसं वाटतं हाताला? इथे? की इथे?" नाना सांगत गेले, ते खुणा करत गेले. बेसिन कोपऱ्यात गेलं. बाथरूमची भिंत खोलीच्या बाजूला तीनशे मिलिमीटर सरकली. कॉट फिरवावी लागली. दार बाहेर उघडायचं ठरलं, आणि हेडमास्तर काठीसकट उलट बाजूला गेले. "हे आधीच विचारायला हवं होतं," असं हेडमास्तर म्हणाले. ते खरं असल्यामुळे फारच लागलं.

शुक्रवारी रोल अकराला नाही, साडेअकराला आला. छापण्याआधी मिलिमीटररावांनी बाईंना फोन लावून चालूच ठेवला आणि त्या सांगतील ते एकेक केलं. एकला आठ मिनिटं असताना ते खिडकीवर होते. साहेबांनी पट्टी लावली. भिंत दोनशे तीस भरली. साहेबांनी दुसऱ्या भिंतीलाही लावली, तीही भरली, तेव्हा ते जरा हिरमुसले.

"बाथरूमचं दार बाहेर का उघडतं? आत दाखवतात सगळे."

पुस्तकातलं कलम सांगता आलं असतं. पण मिलिमीटरराव एवढंच म्हणाले, "आत माझे वडील असतात." साहेबांनी एकदा वर बघितलं आणि शिक्का मारला.

हे झालं शुक्रवारचं. गुरुवारचं थोडं सांगायचं राहिलंय.

खडूने नवीन दार आखून झाल्यावर नाना पुन्हा आत गेले. या वेळी वॉकर फिरला. नाना सावकाश वळले आणि दाराकडे तोंड करून उभे राहिले. हेडमास्तरांनी काठी फिरवत आणली, ती कुठेच आपटली नाही.

"लागलं?" नानांनी विचारलं.

"लागलं," हेडमास्तर म्हणाले आणि त्यांनी काठी उंबऱ्याच्या रेघेवर आडवी ठेवून दिली.

"मग जा आता सगळे."

हेडमास्तर गेले. सूनही चहाचं निमित्त करून आत गेली. मिलिमीटरराव तेवढे राहिले. अकरा महिन्यांची सवय. ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि मोठ्याने बोलायला लागले, "उद्या अकराला रोल येणार आहे नाना, मग तिथून पालिकेत जायला पंधरा मिनिटं, रिक्षा मिळाली तर—"

"बाळ."

"काय नाना?"

"दार लागलंय."

मिलिमीटररावांनी वळून पाहिलं. चारी बाजूंना नुसत्या रेघा, त्यांच्या मधोमध नाना ताठ उभे होते. वॉकरवर एकच हात होता.

"हो नाना. लागलंय."

"मग जा की."

ते घरात आले. हाताला खडू लागलेला होता, त्यामुळे डोळे पुसायचीही पंचाईत होती. बायको गॅसपाशी होती. तिने त्यांच्याकडे आणि मग त्यांच्या मागे पाहिलं.

"अहो, नाना कुठेयत? एकटे सोडून आलात?"

"हो," मिलिमीटरराव म्हणाले. "त्यांनी दार लावून घेतलंय."